‘मदत’ नावाची पळवाट

‘तो घरात खूप मदत करतो’ हे वाक्य कौतुकाने बोललं जातं, आणि ज्याच्याविषयी बोललं जातं तोही ते कौतुक म्हणूनच खिशात घालतो. मीही बरीच वर्षं घातलं. मग एकदा बायकोने सहज विचारलं, “आणि मी कुणाला मदत करते?” मला उत्तर सुचलं नाही. मदत करायची ती दुसऱ्याच्या कामात. मुलांना उठवणाऱ्या, भांडी आवरणाऱ्या, म्हाताऱ्या माणसांच्या गोळ्यांच्या वेळा सांभाळणाऱ्या बाईबद्दल ‘ती घरात मदत करते’ असं कुणी म्हणत नाही, कारण ते काम तिचंच आहे हे आपण न बोलता ठरवून टाकलेलं असतं. मदत करणाऱ्याला कंटाळा आला की थांबता येतं. वर त्याचे आभारही मानले जातात.

स्त्री-पुरुष समानतेची चर्चा बहुतेक वेळा संधींभोवती फिरते : शाळेतला प्रवेश, नोकरी, सभागृहातल्या जागा, कर्ज, प्रशिक्षण. या गोष्टी कमी महत्त्वाच्या आहेत असं मला म्हणायचं नाही. जिथे मुलींना शाळेचा उंबराच ओलांडू दिला जात नाही तिथे आधी तोच प्रश्न. पण जिथे दार उघडून एक-दोन पिढ्या झाल्या, तिथेही बायका अर्ध्या वाटेवरून परत का फिरतात? याची ठरावीक उत्तरं म्हणजे आत्मविश्वास वाढवा, कौशल्यं द्या, जागृती करा. म्हणजे उणीव पुन्हा तिच्यातच शोधायची. मला वाटतं, तिच्याकडे कमी पडतात ते तास. बाई कमवायला लागली म्हणून घरातलं काम विरघळून गेलं नाही. गेल्या काही दशकांत बायकांनी पुरुषांची समजली जाणारी कामं मोठ्या संख्येने अंगावर घेतली, उलट दिशेची वाहतूक मात्र विरळच राहिली. तेव्हा समानतेचं धोरण जोवर फक्त बायकांना उद्देशून लिहिलं जातं, तोवर ते निम्मंच आहे. उरलेलं निम्मं पुरुषांच्या नावे लिहावं लागेल, आणि तेही विनंती म्हणून लिहून भागणार नाही.

तासांचा हिशेब उपलब्ध आहे. आंतरराष्ट्रीय श्रम संघटनेने २०१८ साली ६४ देशांतल्या वेळ-वापर पाहण्यांच्या आधारे अंदाज मांडला : या देशांत रोज १६४० कोटी तासांचं बिनपगारी घरकाम आणि देखभालीचं काम होतं. रोज आठ तास याप्रमाणे भागलं तर दोनशे कोटी माणसं विनावेतन पूर्णवेळ राबत आहेत असा त्याचा अर्थ. यातलं तीन-चतुर्थांशांहून अधिक काम बायका करतात. सरासरी दिवसाला ४ तास २५ मिनिटं. पुरुष १ तास २३ मिनिटं. भारताच्या २०१९ च्या वेळ-वापर पाहणीत घरकाम करणाऱ्या बायका त्यावर दिवसाला सरासरी २९९ मिनिटं घालवत होत्या, तर घरकाम करणारे पुरुष ९७. इथे ‘करणारे’ हा शब्द नजरेतून निसटू देऊ नये. सहा वर्षांवरच्या मुली आणि बायकांपैकी ८१ टक्के हे काम करत होत्या, मुलगे आणि पुरुषांपैकी अवघे २६ टक्के. बाकीच्यांची मिनिटं शून्यच होती, ती त्या ९७ मध्ये धरलेलीच नाहीत.

‘पण पुरुष बाहेर जास्त वेळ काम करतात त्याचं काय?’ हा प्रश्न वाजवी आहे. करतात. मात्र पगारी आणि बिनपगारी काम एकत्र केलं, तर जगभराच्या सरासरीत बाईचा दिवस पुरुषाच्या दिवसापेक्षा लांब भरतो. आणि त्या लांब दिवसाच्या शेवटी तिच्या नावावर पगार कमी, निवृत्तिवेतन कमी आणि अनुभवाची वर्षंही कमी. श्रम संघटनेच्याच २०२३ च्या अंदाजानुसार घरातल्यांची देखभाल हे कारण सांगून श्रमबाजाराबाहेर असलेल्या बायका ७० कोटी ८० लाख होत्या. तेच कारण सांगणारे पुरुष ४ कोटी.

इतकं मोठं काम डोळ्यांआड राहतं कसं? काही अंशी ते मोजायचंच नाही असं ठरवल्यामुळे. राष्ट्रीय उत्पन्न कसं मोजायचं याचे संयुक्त राष्ट्रांचे नियम १९५३ पासून आहेत. त्यांत पुढे बरेच बदल झाले, पण घरच्या माणसांसाठी केलेला स्वयंपाक, साफसफाई आणि मुलांचा-वृद्धांचा सांभाळ अजून हिशेबाबाहेरच आहे. घरी खायला पिकवलेलं धान्य उत्पादनात धरलं जातं, ते शिजवणं धरलं जात नाही. ब्रिटिश अर्थतज्ज्ञ पिगू यांनी ही विसंगती शंभर वर्षांपूर्वीच दाखवून दिली होती : एखाद्याने पगारावर ठेवलेल्या घरकाम करणाऱ्या बाईशी लग्न केलं, तर काम तेच राहूनही देशाचं उत्पन्न घटतं. न्यूझीलंडच्या मेरिलिन वेअरिंग वयाच्या तेविसाव्या वर्षी, १९७५ साली, खासदार झाल्या आणि सरकारी हिशेब तपासणाऱ्या संसदीय समितीपर्यंत पोचल्या. तिथल्या अनुभवातून त्यांनी हाच मुद्दा पुढे जगभर लावून धरला. ही तांत्रिक बाब वाटते, पण जे हिशेबात नाही त्यावर अंदाजपत्रकात खर्च होत नाही. पाळणाघराला ‘खर्च’ म्हणतात आणि रस्त्याला ‘गुंतवणूक’, ते याच वहीमुळे.

त्या १९७५ सालीच आइसलँडच्या बायकांनी ही वही एका दिवसापुरती बंद ठेवून दाखवली. २४ ऑक्टोबरला देशातल्या सुमारे ९० टक्के बायकांनी काम थांबवलं, कार्यालयातलं आणि घरातलंही. त्याला ‘संप’ म्हणायचं की नाही यावर संघटनांमध्ये वाद झाला होता. शेवटी ‘स्त्रियांची सुट्टी’ हा सौम्य शब्द ठरला, कारण त्यात सगळ्यांना येता येणार होतं. ही शब्दाची चतुराई मला फार आवडते. संपाला विरोध करता येतो, सुट्टीला कोण कसा नाही म्हणणार? शाळा, बँका, कारखाने, दूरध्वनी केंद्रं बंद पडली किंवा कशीबशी चालली. बापांना मुलांना घेऊन कामावर जावं लागलं. पुढच्याच वर्षी समान हक्कांचा कायदा झाला, आणि १९८० मध्ये विग्दिस फिनबोगादोत्तिर थेट लोकांच्या मतांनी निवडून आलेल्या जगातल्या पहिल्या महिला राष्ट्राध्यक्ष झाल्या.

ही गोष्ट बहुतेक वेळा इथेच थांबवली जाते, म्हणजे ती प्रेरणादायी राहते. पण २०२३ च्या २४ ऑक्टोबरला त्याच देशातल्या बायका पुन्हा दिवसभराच्या संपावर गेल्या, आणि त्यांत खुद्द पंतप्रधान कात्रिन याकोब्सदोत्तिर होत्या. समानतेच्या जागतिक क्रमवारीत वर्षानुवर्षं पहिला नंबर असलेला देश तो! सर्वोच्च पदावर बाई बसली तरी घरातले तास आपोआप वाटले जात नाहीत, याचा आणखी वेगळा पुरावा कशाला हवा?

तास वाटायचे कसे, यात सरकारं आणि कंपन्या हमखास एक चूक करतात, आणि ती सद्भावनेने करतात. चुकीचं नाव सवलत. बाईला घर आणि नोकरी दोन्ही जमावं म्हणून तिला लवकर घरी जाऊ द्यायचं, घरून काम द्यायचं, लांबच लांब प्रसूती रजा द्यायची. यातली प्रत्येक गोष्ट एकेकटी पाहिली तर चांगली. पण ती फक्त तिलाच मिळते, तेव्हा तिच्यातून निघणारा संदेश असा की घर हे तुझंच खातं, आम्ही फक्त ते तुला सोयीचं करून देतोय. भारताने २०१७ मध्ये पगारी प्रसूती रजा १२ आठवड्यांवरून २६ आठवड्यांवर नेली. जगातल्या मोठ्या रजांमध्ये ती गणली जाते, आणि पहिल्या सहा महिन्यांत आई बाळाजवळ असणं आवश्यक आहे याबद्दल वाद नाही. पण कर्मचारी राज्य विमा योजनेत न बसणाऱ्या नोकऱ्यांत या रजेचा सगळा पगार मालकाने द्यायचा. बापाच्या रजेचा मात्र खासगी क्षेत्रासाठी कायद्यात उल्लेखही नाही. आता एखाद्या छोट्या व्यवसायाच्या मालकाच्या जागी बसून पाहा. समोर सारख्या पात्रतेचे दोन तरुण उमेदवार आहेत. एकाला मूल झालं तर खर्च शून्य, दुसरीला झालं तर सहा महिन्यांचा पगार. तो खलनायक नसला तरी आकडेमोड करणारच. म्हणूनच आंतरराष्ट्रीय श्रम संघटनेच्या २००० सालच्या मातृत्व संरक्षण करारात स्पष्ट म्हटलं आहे की या लाभांचा पैसा सामाजिक विम्यातून किंवा सार्वजनिक निधीतून यावा, एकट्या मालकावर त्याचा भार नसावा.

मग बापाला रजा दिली की झालं? तेवढ्याने होत नाही, आणि इथे खरी गंमत आहे. नॉर्वेमध्ये आई-बापांनी आपसांत वाटून घ्यायची रजा आधीपासून होती, आणि बाप ती घेत नसत. घेणारे शंभरात तीन-चार. १९९३ मध्ये नियम बदलला. रजेतले चार आठवडे बापासाठी राखून ठेवले आणि त्याने ते घेतले नाहीत तर बुडीत. काही वर्षांतच सत्तर टक्क्यांहून अधिक बाप रजेवर जाऊ लागले. एवढ्या थोड्या काळात नॉर्वेच्या पुरुषांचं हृदयपरिवर्तन झालं असेल असं मला वाटत नाही. बदलली ती वरिष्ठांशी बोलायची भाषा. आधी बापाला ‘मला रजा हवी आहे’ असं म्हणून इच्छा दाखवावी लागे, आणि इच्छेवरून माणसाची नोकरीवरची निष्ठा जोखली जाते. आता तो म्हणू शकत होता, ‘घ्यावीच लागेल, नाहीतर वाया जाईल.’ आइसलँडने २००० सालच्या कायद्यात हेच तत्त्व आणखी ताणलं : तीन महिने आईचे, तीन बापाचे, तीन दोघांत.

याच्या उलट बाजूला जपान. कागदावर तिथल्या बापांची पगारी रजा श्रीमंत देशांत सर्वांत लांबपैकी, आणि २०१७ मध्ये ती घेणारे वीसात एक. हक्क होता, पण तो वापरणारा माणूस कार्यालयात नजरेत भरत होता. मग सरकारने कायदा बदलून कंपन्यांनीच कर्मचाऱ्याला रजेबद्दल विचारावं असं बंधन घातलं, मोठ्या कंपन्यांना किती बाप रजेवर गेले हे जाहीर करायला लावलं, आणि २०२३ च्या आर्थिक वर्षात प्रमाण ३० टक्क्यांवर गेलं. रजांच्या लांबीत फरक आहेच. पुष्कळ बाप दोन आठवड्यांत परत येतात. पण पुरुषांची ‘मानसिकता’ हजार वर्षांची असल्याने ती बदलायला आणखी शंभर लागतील, हे जे आपण सुस्कारा टाकून म्हणतो, ते या आकड्यांपुढे टिकत नाही. मानसिकता पुष्कळदा वरिष्ठाच्या भुवईवर अवलंबून असते.

नोकरीच्या रचनेचाही यात मोठा हात आहे. क्लॉडिया गोल्डिन यांना २०२३ चं अर्थशास्त्राचं नोबेल मिळालं ते स्त्रियांच्या श्रमबाजारातल्या वाटचालीचा दोनशे वर्षांचा माग काढल्याबद्दल. त्यांनी ‘हावरी नोकरी’ अशी एक कल्पना मांडली आहे. काही नोकऱ्यांत आठवड्याला साठ तास देणाऱ्याला तीस तास देणाऱ्याच्या दुपटीहून पुष्कळ जास्त मिळतं. रात्री-अपरात्री हाकेला ओ देण्याचीच किंमत मोठी. अशा वेळी दोघांपैकी एकाने हावरी नोकरी धरायची आणि दुसऱ्याने घराच्या हाकेला ओ द्यायची, हा घरादाराच्या दृष्टीने शहाणपणाचा सौदा ठरतो. कोण काय धरतं ते सांगायला नकोच. गोल्डिन आणि त्यांचे सहकारी लॉरेन्स कॅट्झ यांनी याला अपवाद दाखवला तो अमेरिकेतल्या औषधविक्रेत्यांचा. तिथे रुग्णाची नोंद संगणकावर आली, औषधं प्रमाणित झाली, स्वतंत्र दुकानांची जागा साखळी दुकानांनी घेतली, आणि एका फार्मासिस्टच्या जागी दुसरा बिनधोक उभा राहू शकू लागला. तासाचा दर जवळपास सारखा झाला, मग तुम्ही वीस तास करा की पन्नास. त्या व्यवसायातली स्त्री-पुरुष वेतनातली दरी झपाट्याने आकसली. यात स्त्रियांसाठी म्हणून कुणी काही केलेलं नव्हतं. मला हे उदाहरण सगळ्या शिबिरांपेक्षा बोलकं वाटतं.

‘ही बायकांचीच निवड आहे, त्यांनाच मुलांजवळ राहायचं असतं,’ असं म्हणणारे भेटतात, आणि काही बायकांच्या बाबतीत ते खरंही असतं. कुणी घरी राहणं निवडलं तर तिला कमी लेखायचं कारण नाही. पण निवड कुठे संपते आणि गणित कुठे सुरू होतं? डेन्मार्कसारख्या, पाळणाघरांची उत्तम सोय असलेल्या देशातही पहिल्या मुलानंतर बायकांची कमाई पुरुषांच्या तुलनेत दीर्घकाळासाठी सुमारे २० टक्क्यांनी मागे पडते, असं तिथल्या नोंदींवरून अर्थतज्ज्ञ हेन्रिक क्लेवेन आणि सहकाऱ्यांनी दाखवलं. बापांच्या कमाईच्या रेषेवर मूल झाल्याचा ओरखडाही दिसत नाही. नोकरी सोडायची वेळ आली की कमी कमावणाऱ्याने सोडायची, हे सरळच. ती कमी कमावते, कारण पुढे-मागे ती सोडेल असं मालकाने आधीच धरून ठेवलेलं असतं. या चकरेत शिरलेल्या बाईला बाहेरून विचारलं तर ती ‘माझाच निर्णय’ म्हणेलही.

दुसरी पळवाट यंत्रांची आणि तिसरी मोलकरणीची. यंत्रांनी कष्ट खूप कमी केले. धुण्याच्या यंत्राला नावं ठेवणारा माणूस बहुधा कधी धुणं धुतलेला नसतो. पण यंत्र कुणी लावायचं, कपडे कुणी वाळत घालायचे, हे यंत्र सांगत नाही. आणि ऐपत असलेल्या घरांनी काम पैसे देऊन बाहेर काढलं, तेव्हा ते दुसऱ्या बाईकडे गेलं. तिच्या घरचं काम तिच्या मोठ्या मुलीकडे. साखळीच्या कुठल्याच कडीत पुरुष नाही.

त्या मोठ्या मुलीपासूनच खरं तर सुरुवात करायला हवी होती. युनिसेफने २०१६ मध्ये मांडलेल्या अंदाजानुसार ५ ते १४ वयाच्या मुली त्याच वयाच्या मुलांपेक्षा घरकामावर ४० टक्के अधिक वेळ घालवतात. जगभरातला हा जादा वेळ रोजचे १६ कोटी तास. ज्या घरांत पाणी बाहेरून आणावं लागतं, त्यांतल्या दहापैकी सात घरांत ते आणतात बायका आणि मुली. अशा मुलीला शिष्यवृत्ती देणाऱ्याने तिला संधी दिली खरी, पण तिचा संध्याकाळचा दीड तास मोकळा केला तो नळाने. पाण्याचा नळ, घराजवळची बस, वेळेवर उघडणारं पाळणाघर यांच्या फायली ‘महिला सक्षमीकरण’ या शीर्षकाखाली कधी निघत नाहीत. मी त्या तिथेच आधी ठेवीन.

उरुग्वेने २०१५ मध्ये देखभालीची राष्ट्रीय व्यवस्थाच कायद्याने उभी केली : लहान मुलं, वृद्ध आणि परावलंबी व्यक्तींचा सांभाळ हा हक्क मानून. कोलंबियाच्या बोगोता शहराने २०२० पासून वस्त्यावस्त्यांत देखभालीची केंद्रं काढली. बाई तिथे मूल सोडते, कपडे धुवायला टाकते आणि तेवढ्या वेळात अर्धवट राहिलेली शाळा पूर्ण करते. या योजनेतला एक भाग मला विशेष भावला. शहराने पुरुषांसाठी शाळा काढली आहे, जिथे बाळाचे कपडे बदलण्यापासून घरकामापर्यंत सगळं शिकवतात. हसू येईल, पण ‘मला ते जमत नाही’ हे आपलं सर्वांत जुनं आणि सर्वांत यशस्वी कारण त्यांनी गांभीर्याने घेतलं आहे.

मोजता न येणारं एक काम शेवटी राहतंच : लक्षात ठेवण्याचं. कुठली लस कधी, कुणाचा बूट लहान झाला, तपासणीचा अहवाल आणायचा राहिलाय. हात मोकळे असले तरी डोकं मोकळं नसतं, आणि ‘तू सांग ना, मी करतो’ म्हणणारा नवरा या कामात एका ओळीची भरच घालतो. तो नवरा मीच.

या वर्षी मुलीच्या शाळेच्या अर्जात संपर्काच्या पहिल्या रकान्यात मी माझा नंबर लिहिला. पहिला फोन तरीही तिच्या आईलाच गेला. मी शाळेत जाऊन नोंद दुरुस्त करून आलो. दुसरा फोन मला आला तेव्हा मी बैठकीत होतो. मुलीला ताप भरला होता. साहेबांना सांगितलं तर ते काळजीनेच म्हणाले, “घरी कुणी नाही का?” चांगला माणूस आहे, त्यांनी लगेच जाऊही दिलं. पण बैठक अर्धी टाकून बाहेर पडताना सगळ्यांच्या नजरा पाठीवर जाणवत होत्या, काहीतरी चोरून चाललोय असं वाटत होतं. शाळा येईपर्यंत ते गेलं नाही. बायकोने असे किती दिवस काढले असतील ते मी वाटेत मोजायला घेतलं आणि तिसऱ्या इयत्तेपाशी सोडून दिलं.